गोठणारं वंगण

प्लेनो, टेक्सास
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्रीरंगराव यांस,
मोरेश्वरचा नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला, राग धरू नका. तुमचं पत्र गणपतीच्या आधी आलं. ते उशाशी ठेवलं आणि रोज उद्या लिहू म्हणत राहिलो. रत्ना गेल्यापासून माझं असंच होतं. आपण साडू झालो ते दोन बहिणींमुळे. त्यातली एक गेली, म्हणून आपलं लिहिणं थांबू नये एवढीच इच्छा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच. नाहीतर मी रोज फोन करून तुमचं डोकं खाल्लं असतं.

अकोल्याची गिरणी विकून परीक्षितकडे येऊन राहिलो, त्याला आता सहा महिने होतील. घर मोठं आहे, इतकं की एका कोपऱ्यात माणूस खोकला तर दुसऱ्या कोपऱ्यात कळत नाही. परीक्षित आणि सूनबाई प्रीता दिवसभर दार लावून कॉम्प्युटरवर मीटिंग करतात. नात नेत्रा शाळेतून आली की कानात ती गाण्याची बोंडं घालते. मी खिडकीतून गाड्या बघतो. परीक्षित माझ्याशी वाईट वागत नाही, पण बोलतही नाही. आईच्या दिवसांनाही तो माझ्यासमोर रडला नाही.

तर मुद्द्याचं. परवा चहाच्या वेळी तो एकदम म्हणाला, "बाबा, यंदा श्रीरंगकाकांकडे शिकारीला जायच्या आधी मला नवी डाय घ्यायची आहे."

मी म्हटलं, "अरे, आत्तापासून कशाला डाय? एकदा लावायला लागलास की सुटायची नाही. आणि हरणाला काय तुझे पिकलेले केस दिसणार आहेत?"

प्रीता इतकी हसली की तिला ठसका लागला. नेत्रा "व्हॉट? व्हॉट?" करत राहिली. परीक्षितही हसला. या घरात आल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मग त्याने मला गराजमध्ये नेलं. तिथे बादल्या भरून काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आहेत. लष्कराने झाडून टाकलेल्या, त्याने विकत घेतलेल्या. त्यात पुन्हा दारू आणि गोळी भरून तो काडतुसं करणार. श्रीरंगराव, मला त्या बादल्या बघवत नाहीत. कुणी झाडल्या असतील, कुणावर झाडल्या असतील? अशा वस्तू घरात ठेवाव्यात का? आणि घरी भरलेलं काडतूस फुटलं तर? तुम्हीच त्याला हा नाद लावलात, म्हणून तुम्हालाच विचारतो.

त्याचा निरोप असा की डाय साधी घ्यावी की "स्मॉल बेस" म्हणतात ती? आणि वंगण कुठलं? मी म्हटलं, तू ईमेल कर. तर म्हणतो, "काका ईमेल उघडायला महिना लावतात. तुम्ही लिहिताच आहात तर विचारा." विनीताताईंना नमस्कार.

आपला,
मोरेश्वर

---

नोव्हाय, मिशिगन
९ ऑक्टोबर

ती. मोरेश्वररावांना सा. नमस्कार.

तुमची केसांची डाय वाचून मी इतका हसलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला असणार. मला ऐकू आलं नाही, पण त्याचं तोंड हलत होतं. विनीता इथे नाही. पुतणीच्या लग्नासाठी नागपूरला गेली आहे, आता डिसेंबरात येईल. मी अंडी उकडून खातो आणि तिला फोटोत वरण-भात दाखवतो.

आधी तुमची भीती काढतो. त्या पुंगळ्या सरावाच्या मैदानातल्या आहेत. कागदावर झाडलेल्या. कुणाचा जीव गेलेला नाही.

आता डाय. मी आयुष्यभर मोटारींच्या पत्र्याचे साचे बनवले, त्यामुळे हा माझा आवडता विषय. पितळेची पुंगळी झाडली की फुगते. मशिनगनमधून झाडली असेल तर जास्तच, कारण त्या बंदुकीत काडतूस बसायचं घर मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं. ती आपल्या रायफलीत बसायला हवी तर मूळ मापावर आणावी लागते. म्हणून डाय, म्हणजे पोलादाचा साचा. प्रेसचा दांडा ओढला की पुंगळी त्यात घुसते आणि आवळली जाते. साधी डाय बुडापाशी थोडी सैल सोडते. स्मॉल बेस बुडापर्यंत आवळते. लष्करी माल कुठल्या बंदुकीतून आलाय ते माहीत नसतं, तेव्हा परीक्षितला सांगा, स्मॉल बेसच घे. बुडातल्या प्रायमरच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टिकलीच्या, भोवती लष्करवाले पितळ ठोकून बसवतात. ती कडा कापल्याशिवाय नवा प्रायमर बसणार नाही. पण ते त्याला माहीत आहे.

मात्र जेवढी आवळ जास्त तेवढं घर्षण जास्त. म्हणून वंगणात कंजुषी नको. लॅनोलिन आणि स्पिरिटचा फवारा घ्यायला सांगा. पुंगळ्या ताटात उभ्या मांडायच्या, तिरका फवारा मारायचा म्हणजे थोडं तोंडाच्या आतही जातं, आणि स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबायचं. मग साचा लोण्यासारखा चालतो.

आणि एक सुचवू? खिडकीतून गाड्या बघण्यापेक्षा त्याच्याबरोबर गराजमध्ये बसा. फवारा मारायला काय लागतं? गिरणीवाल्या माणसाला रिकामे हात शोभत नाहीत.

तुमचा,
श्रीरंग

---

प्लेनो
१९ ऑक्टोबर

प्रिय श्रीरंगराव,

तुमचे उपकार कसे मानू? तुमचं पत्र मी परीक्षितला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य गाळणार होतो, पण गाळलं नाही. तो ऐकून म्हणाला, "चला मग बाबा. फवारा डिपार्टमेंट तुमचं."

आता रोज त्याचं काम संपलं की आम्ही दोघं गराजमध्ये असतो. मी जुन्या बेकिंगच्या ताटात पुंगळ्या उभ्या करतो. पितळ चकाकतं, ताट फुलांच्या परडीसारखं दिसतं. मी फवारा मारतो, तो दांडा ओढतो. दारूला मात्र मला हात लावू देत नाही. ते तो एकटा, गप्प राहून करतो. पहिल्या ताटातली काडतुसं इथल्या नेमबाजीच्या रेंजवर झाडून आला. म्हणाला, "एकदम मस्त लागली बाबा. काकांची डाय पास."

आणि बोलतो, श्रीरंगराव! दांडा ओढता ओढता, माझ्याकडे न बघता बोलतो. परवा म्हणाला, "आई मला गिरणीत पाठवायची ना, तुमचा डबा घेऊन. तुम्ही पट्ट्यावर हात ठेवून सांगायचात, आता पट्टा सटकणार. आणि तो सटकायचा. मला वाटायचं तुम्हाला सगळं आधीच कळतं." मी डोळे पुसले आणि फवारा मारत राहिलो.

एक बारीक गोष्ट विचारायची आहे. सहज, कुणीतरी विचारत होतं म्हणून. त्या वंगणात असतं काय? नेत्रा एकदा गराजमध्ये आली होती, तिने बाटलीवरचं वाचलं आणि म्हणाली, "ईऽऽ आजोबा, धिस इज फ्रॉम शीप! शीप ग्रीस!" मी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. इतिहासाचं बाकी सगळं विसरलो, पण काडतुसांना चरबी लावली म्हणून सत्तावनचं बंड झालं एवढं पक्कं लक्षात आहे. मी नेत्राला काही म्हटलं नाही, परीक्षितलाही नाही. पण ह्याच हातांनी मी संध्याकाळी रत्नाच्या फोटोपुढे निरांजन लावतो. ती कांदासुद्धा खात नव्हती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग माझ्या मनाने मार्ग काढला आणि काम पुढे चालू आहे, त्याचंही समाधान आणि माझंही.

काल मात्र एक पुंगळी साच्यात अडकली. दांडा खाली येईना, वर जाईना. परीक्षितने जोर लावला तर बुडाची कडाच फाटली. साचा खोलून, हातोडी घेऊन तासभर बसला होता. फार चिडला. म्हणाला, "ही स्मॉल बेस बोगस आहे. साधीच घ्यायला पाहिजे होती." मी म्हटलं, श्रीरंगराव चुकायचे नाहीत. दोष डायचा की आणखी कशाचा? लवकर कळवा. तो चिडला की पुन्हा गप्प होतो, त्याची मला धास्ती वाटते.

मोरेश्वर

---

नोव्हाय
२६ ऑक्टोबर

ती. मोरेश्वरराव,

परीक्षितला सांगा, काकांच्या डायला नावं ठेवायची नाहीत. पुंगळी अडकते ती नेहमी वंगण कमी पडल्याने. तुम्ही गिरणीवाले, थेंब-थेंब तेल मोजून घालणारी माणसं. हात सैल सोडा! दोनाच्या जागी चार फवारे मारा. बाहेरून, तोंडाशी, सगळीकडून. पुढे तो कापडाने पुसतोच.

आता तुमच्या त्या "कुणीतरी विचारत होतं" बद्दल. त्या कुणीतरीला सांगा, लॅनोलिन ही चरबी नव्हे. मेंढीच्या लोकरीला जे मेण सुटतं ते धुऊन काढतात, तेच हे. मेंढी लोकर देऊन उड्या मारत घरी जाते. ओठाला लावायच्या क्रीममध्येही तेच असतं. तेव्हा बंड करू नका. रत्नाताईंनी हे ऐकलं असतं तर तुम्हालाच वेड्यात काढलं असतं.

मी आठ तारखेला उत्तरेतल्या केबिनवर जातो. पत्ता खाली दिला आहे. तिथे फोन लागत नाही, परीक्षितचाही नाही. गावातल्या दुकानातच पोस्ट आहे, दुधाला गेलो की टपाल घेतो. यंदा बर्फ लवकर आहे म्हणतात. परीक्षितला गरम मोजे आणायला सांगा, गेल्या वर्षी माझे घालून गेला.

श्रीरंग

---

प्लेनो
२ नोव्हेंबर

प्रिय श्रीरंगराव,

तुमचं लॅनोलिनचं वाचलं. मेंढीला काही होत नाही हे वाचून बरं वाटलं. आधी कळलं असतं तर आणखी बरं वाटलं असतं. असो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे हात सैल सोडला. आता ताटच्या ताट न्हाऊन निघतं. पुंगळी अडकली नाही. दांडा जड जातो, पण जातो. परीक्षित म्हणाला, "काका इज ऑलवेज राइट." मी गिरणीत चरबी-ग्रीस कधी जात्याजवळ येऊ दिलं नाही. पिठात गेलं तर? खाण्याचंच तेल घालायचो आणि जातं कधी कुरकुरलं नाही. घासणाऱ्या दोन वस्तूंना तेल मिळाल्याशी मतलब, त्या कुठलं म्हणून विचारत नाहीत.

इथे अचानक थंडी पडली. सकाळी गराजमध्ये गेलो की बाटली गोठलेली असते, पांढरी घट्ट. मी ती आधी उन्हात ठेवतो, मग पाण्याच्या नळाखाली धरतो. परीक्षितला दिसायच्या आत करावं लागतं, उगाच तो काहीतरी विचारायचा.

परवा तो नाक वर करून म्हणाला, "बाबा, गराजमध्ये खोबरेल तेलाचा वास येतोय?"

मी म्हटलं, "डोक्याला लावलंय."

"एवढं?"

"थंडीत टाळू कोरडी पडते."

तो हसला. म्हणाला, "आईसारखा वास येतो." आणि दांडा ओढायचा थांबून तसाच उभा राहिला. त्या दिवशी आम्ही लवकर दिवा बंद केला.

सगळ्या पुंगळ्या आवळून झाल्या. त्याने पुसून, भरून, डबे बंद केले. या खेपेची अजून एकही झाडून बघितलेली नाही. ऑफिसात माणसं कमी केली, त्यामुळे रेंजवर जायला वेळ नाही. म्हणतो, काकांकडेच बघू. बारा तारखेला पहाटे तो गाडीने निघणार, दोन दिवसांचा रस्ता. मला एवढ्या लांब गाडी चालवायची धास्ती वाटते. बर्फाची वाटते. अस्वलं असतात का तिथे? रायफल भरलेली असताना पाय घसरला तर? प्रीता म्हणते, "बाबा, तुम्ही काळजी करायला काहीतरी शोधूनच काढता." असेल. पण तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवा. तुमच्या भरवशावर पाठवतोय.

मोरेश्वर

---

नोव्हाय
७ नोव्हेंबर

ती. मोरेश्वरराव,

उद्या निघतो, सामान बांधता बांधता हे लिहितो आहे. बाटली गोठते म्हणजे टेक्सासात थंडी तरी किती पडली बुवा! आमच्याकडे अजून खिडकी उघडी टाकून झोपतो. म्हातारपणी तुम्ही थंडी वाढवून सांगायला लागलात.

अस्वलं असतात. पण ती या दिवसांत झोपायच्या तयारीत असतात, तुमच्या मुलात त्यांना रस नाही. पाय घसरला तरी काही होत नाही, आम्ही जागेवर बसेपर्यंत रायफल रिकामीच ठेवतो.

काळजी करायचीच तर योग्य गोष्टीची करावी, म्हणून आमच्या क्लबातल्या डेलची गोष्ट सांगतो. डेल घाई करणारा. वंगण संपलं म्हणून त्याने गाडीचं तेल फवारलं आणि पुंगळ्या फक्त बाहेरून पुसल्या. तेल आत भिंतीला धरून राहिलं आणि दारूत मुरलं. आपलं लॅनोलिन किंचित आत राहिलं तरी फरक पडत नाही, ते मेणासारखं चिकटून बसतं. पण साधं तेल दारू विझवतं. डेलने पहिला बार काढला, तर धडाम नाही, नुसतं फट् झालं. त्याला वाटलं, गोळी कुठेतरी पडली असेल. ती नळीतच अडकून बसली होती. त्याने दुसरा बार तिच्यामागून काढला. नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली. डेल आता डाव्या हाताने सही करतो.

म्हणून मी परीक्षितला पहिल्या वर्षीच शिकवलं, फट् आवाज आला की थांब, नळीत डोकाव. त्याला ते पाठ आहे. मला मात्र फट् आणि धडाम सारखंच, खांद्याला धक्का बसला की समजायचं बार झाला. जाड कोटात तेही नीट कळत नाही. पण तुमचा मुलगा आणि तुम्ही मिळून इतक्या निगुतीने काम केलंत की मला चिंता नाही.

पंधराला पहाटे सीझन उघडतो. चौदाला दुपारी जेवण झालं की आम्ही केबिनमागच्या खड्ड्यात कागदावर नेम बघतो. पहिले काही बार माझे, तो मोठ्या माणसाचा मान आहे. परीक्षित मागे कानाला गच्च बोंडं लावून उभा असतो. यंदा तुमच्या हातचं काडतूस झाडणार म्हणून मला फार आनंद आहे.

श्रीरंग

---

प्लेनो
१४ नोव्हेंबर

श्रीरंगराव,

तुमचं सात तारखेचं पत्र मी आत्ता वाचलं. आमची टपालपेटी गल्लीच्या टोकाला सगळ्यांच्या पेट्यांबरोबर आहे. प्रीता आठवड्यातून एकदा उघडते आणि टपाल गाडीच्या सीटवर टाकते. आज सकाळी मी दूध आणायला तिच्याबरोबर गाडीत बसलो, तर पाकीट माझ्या पायाशी होतं. पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं म्हणून गाडीतच उघडलं.

त्या बाटलीत लॅनोलिन नाही.

नेत्राने वाचलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी ती बाटली मागच्या गवतात ओतली. साबणाने धुतली आणि माझं डोक्याचं खोबरेल तेल भरलं. रंग तसाच दिसत होता. पहिलं ताट तेवढं खरं होतं, जे त्याने रेंजवर झाडलं ते. बाकीची सगळी ताटं माझी. पुंगळी अडकली ती त्यामुळेच. तुम्ही म्हणालात वंगण वाढवा, मी तेल वाढवलं. तुम्ही सांगितलंत तसं तिरकं, तोंडात जाईल असं मारलं. लॅनोलिन चरबी नसते हे तुम्ही कळवलंत तेव्हा माझ्या बऱ्याच पुंगळ्या त्याच्या डब्यात गेल्या होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने म्हटलं असतं, बाबा, तुम्ही राहू द्या. मी पुन्हा खिडकीत बसलो असतो. तो माझ्याशी बोलायला लागला होता, श्रीरंगराव.

मी बाटली गोठते असं लिहिलं. परीक्षितने वास ओळखला. मला वाटत होतं कुणालातरी कळेल आणि मला सांगावं लागणार नाही. तुम्ही थंडीला हसलात. गोठतं ते खोबरेल, हो. आपल्या घरातल्या पोरालाही माहीत असतं.

वाचलं आणि प्रीताला गाडी बाजूला घ्यायला लावली. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती तिथेच फोन लावायला लागली. परीक्षितचा फोन काल संध्याकाळपासून बंद येतो. त्याचा शेवटचा निरोप एका पेट्रोल पंपावरून आला होता, बर्फ सुरू झाला, आता सिग्नल नाही, काळजी करू नका, असा. गावातल्या दुकानाचा फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही. मग तिने तिथल्या शेरिफच्या ऑफिसला केला. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. दोनदा विचारलं, "कोकोनट ऑइल? लाइक फॉर कुकिंग?" प्रीता म्हणाली, "येस. प्लीज." ती म्हणाली, रस्त्यावर झाडं पडली आहेत, गाडी मोकळी झाली की पाठवते. दर थोड्या वेळाने प्रीता पुन्हा फोन करते. आता आवाज चढवून बोलते आहे.

नेत्राला शाळेतून घरी आणलं. तिला सांगावंच लागलं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क?" त्यात राग नव्हता. खरंच तिला कळत नव्हतं. मी विचारलं होतं, श्रीरंगराव, तुम्हालाच विचारलं होतं. पण "कुणीतरी" म्हणून विचारलं.

सगळं आठवून बघतोय. त्याने पुंगळ्या पुसल्या तेव्हा आतून पुसल्या का? नाही. फडक्यात घोळवल्या, जशा नेहमी घोळवतो. भरलेले डबे दुपारच्या उबेत गराजमध्ये होते तेव्हा तेल पातळ असणार. आता तुमच्याकडे बर्फ आहे, म्हणजे ते आत गोठलं असेल. गोठलं तर दारूत मुरणार नाही, असं होईल का? की आधीच मुरलं असेल? हे मी कुणाला विचारू? हे ज्याला विचारायचं तो तिथे खड्ड्यापाशी उभा आहे आणि त्याला फट् ऐकू येत नाही. आणि ज्याला ऐकू आलं असतं त्याच्या कानात बोंडं आहेत.

प्रीता म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा. प्लीज बसा." म्हणून बसलो आणि हे लिहायला घेतलं. मला दुसरं काही करता येत नाही. नेत्रा हे पत्र सगळ्यात जलद टपालाने टाकून येणार आहे. माझ्या शेजारच्या घड्याळात एक वाजून गेला. तुमच्याकडचं घड्याळ तासभर पुढे असतं. तुमचं जेवण झालं असेल. तुम्ही अंडी उकडली असतील, परीक्षितने भांडी घासली असतील. तो भांडी चांगली घासतो, रत्नाने शिकवलं होतं.

हे तुमच्या हाती पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण काही झालं नसेल तर उद्या, परवा, पुढेही ती काडतुसं रायफलीत जातील. पहिला बार नीट गेला म्हणून फसू नका. प्रत्येक पुंगळी मी वेगळी न्हाऊ घातली आहे. सगळे डबे बर्फात पुरून टाका. परीक्षितला सांगा, बाबांनी केलं. मी सांगितलं असं सांगा, दुसऱ्या कुणी नाही.

बाटली समोर खिडकीत ठेवली आहे. ऊन तिच्यावर पडतंय, पण आज ती वितळत नाही.

श्रीरंगराव, तुम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, परीक्षितला पुन्हा माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही चालेल. फक्त कळवा. पत्र नको, पोस्टकार्ड चालेल, नुसतं पाकीट पाठवलंत तरी चालेल. पण पत्ता तुमच्या हाताने लिहा. उजव्या हाताने, नेहमीच्या अक्षरात. आणि खाली एक ओळ परीक्षितला लिहू द्या, त्याच्या त्याच्या हाताने. मी उद्यापासून टपालपेटीपाशीच उभा राहणार आहे. फार वाट बघायला लावू नका हो.

मोरेश्वर